मदत हवी आहे : मोहाच्या रानात पहाटे गाणारा लांब शेपटीचा पक्षी शामाच का?

नमस्कार मंडळी,

मी अर्जुनी मोरगाव तालुक्यातला. नवेगावबांधचं जंगल आमच्या धुऱ्याला लागूनच आहे. सध्या मोहफुलं वेचायला पहाटेच रानात जावं लागतं. नाल्याकाठच्या बांबूच्या रांजीत एक पक्षी तांबडं फुटायच्या आधीपासून गातो. दोन-चार भरदार गोड शिट्ट्या, जरा थांबतो, मग भलतंच काही. मध्येच शिक्र्याची हाक, एकदा तर टिटवीची! उन्हं वर आली की गप्प, दिवेलागणीला पुन्हा सुरू.

डोकं, पाठ, छाती काळी, त्यावर निळसर चमक. पोट विटकरी. शेपटी अंगाएवढी लांब, आणि उडाला की कमरेवरचा पांढरा रंग स्पष्ट दिसतो. फांदीवर बसला की शेपटी झटक्यात वर करतो. खाली उतरून पाचोळा उलटापालटा करत किडे टिपतो.

दयाळ नक्कीच नाही. तो आमच्या विहिरीवर रोज असतो, त्याचं पोट पांढरं आणि पंखावर पांढरा पट्टा. भृंगराजही नकला करतो, पण तो पोटापर्यंत काळा. म्हणून मला शामा वाटतो. त्याच्यासोबत राखाडी-तपकिरी, आखूड शेपटीचा आणखी एक आहे. ती मादी की पिल्लू?

विचारायचं खरं कारण वेगळं आहे. फुलं नीट दिसावीत म्हणून आमच्याकडे मोहाखालचा पाचोळा जाळतात. आग पसरून रांजीपर्यंत जाते. यानं या पक्ष्याचं काय होतं? गावात बोलायचं तर मला नीट माहिती हवी.

प्रतिसाद १

वर्णन अगदी चोख आहे, शामाच. तो इतर पक्ष्यांचे आवाज हुबेहूब काढतो. सोबतच्या पक्ष्याच्या छातीवर फिकट ठिपके असतील तर पिल्लू, छाती एकसारखी राखाडी असेल तर मादी.

आगीचं म्हणाल तर दुहेरी नुकसान आहे. मुंग्या, वाळवी, भुंगे, नाकतोडे हे त्याचं खाणं, ते सगळं त्या पाचोळ्यात. शिवाय एप्रिल ते जून हा विणीचा मुख्य काळ. झाडाच्या ढोलीत मादी घरटं करते, ढोली बहुधा फार उंच नसते. धग आणि धूर तिथवर सहज पोचतो. पाचोळा झाडून बाजूला करा किंवा झाडाखाली जाळी बांधा. जाळीवरची फुलं मातीत पडत नाहीत, स्वच्छ मालाला भावही बरा मिळतो. गावात हाच मुद्दा आधी मांडा.

प्रतिसाद २

एक विनंती, जागा याहून नेमकी सांगू नका. गळ्यासाठी हा पक्षी आशियाभर पिंजऱ्यात धरला जातो. पक्ष्याच्या गाण्याचं आज माहीत असलेलं सर्वांत जुनं ध्वनिमुद्रण शामाचंच, 1889 मध्ये जर्मनीत लुडविग कोख नावाच्या आठ वर्षांच्या मुलानं केलेलं, आणि तो शामाही पाळीवच होता. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्यानं (1972) त्याला पकडणं गुन्हा आहे.

मूळ लेखक

दोघांचेही मनापासून आभार. छातीवर ठिपके नाहीत, म्हणजे मादीच, जोडी आहे! जाळीचं आमच्या गावात कुणी केलेलं नाही. जमिनीपासून किती उंच बांधायची, आणि नाल्याच्या उतारावर ताण कसा धरायचा? कुणी बांधली असेल तर फोटो टाका, यंदाची फुलं अजून पडताहेत.