मदत हवी आहे: फाउंड्रीच्या (ओतकाम कारखान्याच्या) धुळीने खरखरीत झालेला गाडीचा रंग घरच्या घरी कसा सुधारावा?

नमस्कार मंडळी,

माझी नोकरी कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत, फाउंड्रींच्या परिसरात असून गाडी दिवसभर तिथे उघड्यावरच उभी असते. गाडी गडद निळ्या रंगाची, 2018 सालची आहे आणि तिचा रंग पूर्णपणे कंपनीचा आहे, कुठेही पुन्हा मारलेला नाही. गेल्या काही महिन्यांत बॉनेट, टप आणि डिकीचे झाकण यांवर बारीक तांबूस ठिपके दिसू लागले असून शाम्पूने धुतल्यावरही ते जात नाहीत. धुतलेल्या ओल्या बॉनेटवर पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत हात घालून बोटे फिरवली तर पॉलिश पेपरवर फिरवल्यासारखी खरखर लागते. दारांच्या उभ्या भागावर मात्र ती जवळजवळ नाही. यावरून हा पत्र्यातून आलेला गंज नसून वरून येऊन बसलेले काहीतरी आहे, असा माझा अंदाज आहे.

दुसरा त्रास पाण्याचा आहे. आमच्या इमारतीत गाड्या धुण्यासाठी बोअरचे पाणी मिळते आणि ते अंगावर वाळले की पांढरी वर्तुळे उमटतात. त्यातली काही ओल्या फडक्याने निघतात, टपावरची जुनी मात्र हलत नाहीत. तिसरी गोष्ट म्हणजे सकाळच्या तिरप्या उन्हात सगळ्या रंगावर गोलाकार बारीक चरे दिसतात. इमारतीतल्या सगळ्याच गाड्या रोज पहाटे एका बादलीत आणि एका फडक्यात कोरड्या-ओल्या पुसल्या जातात, त्याचा हा परिणाम असावा.

ही गाडी वडिलांनी निवृत्तीनंतर घेतली होती. ती पुढेही बरीच वर्षे घरात राहावी अशी आम्हा सगळ्यांची इच्छा आहे, म्हणून हे काम घाईने उरकायचे नाही. अडचण अशी की सल्ले एकमेकांशी जुळत नाहीत. एका शेजाऱ्यांनी रॉकेलच्या फडक्याने पुसायला सांगितले, एका गॅरेजवाल्यांनी सरळ रबिंग-पॉलिश मारून द्यायची तयारी दाखवली, आणि एका दुकानात ‘आधी काही करू नका, थेट सिरॅमिक कोटिंग करून घ्या’, म्हणजे रंगावर टणक पारदर्शक थर चढवून घ्या, असे सांगितले. माझ्या मित्राकडे ड्युअल अ‍ॅक्शन पॉलिशर आहे आणि तो वापरायला मिळेल. कामाचा योग्य क्रम कोणता, हाताने पॉलिश करणे पुरेसे आहे की मशीन लागेल, आणि जूनचा पाऊस सुरू होण्यापूर्वी रंगावर कोणते संरक्षण द्यावे, हे अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर सांगावे.

प्रतिसाद १

नमस्कार. मी उद्यमनगरात बरीच वर्षे गाड्यांच्या पेंटिंगचे काम केले आहे. तुमचा अंदाज बरोबर आहे. ग्राइंडिंग आणि शॉट ब्लास्टिंग (छऱ्यांच्या माऱ्याने ओतीव भाग साफ करणे) यांतून उडणारे लोखंडाचे सूक्ष्म कण हवेतून येऊन आडव्या पृष्ठभागावर बसतात, रंगावरच्या पारदर्शक थरात, म्हणजे क्लिअर कोटमध्ये, रुततात आणि ओल मिळाली की गंजतात. तांबूस ठिपका तो हाच. गाडीच्या स्वतःच्या ब्रेकमधूनही असे कण उडतात, पण ते मुख्यतः चाकांवर आणि चाकांमागच्या पत्र्यावर सापडतील. बॉनेट आणि टपावर इतके ठिपके असतील, तर ती हवेतली धूळच आहे.

मशीन हातात घेण्यापूर्वी एक गोष्ट लक्षात घ्यावी. कंपनीच्या रंगाचे प्रायमरपासून वरपर्यंतचे सगळे थर मिळून जाडी साधारण 100 ते 150 मायक्रॉन भरते आणि त्यातला सर्वांत वरचा पारदर्शक क्लिअर कोट बहुधा 35 ते 50 मायक्रॉनचाच असतो. चकाकी त्याची आणि उन्हापासून बचावही त्याचाच. रबिंग म्हणजे हा थर घासून कमी करणे, आणि जो गेला तो परत येत नाही. म्हणून जे विरघळवून किंवा उचलून काढता येते, ते घासून काढू नये. लोखंडाचे कण अंगावर असताना कोणी रबिंग-पॉलिश मारले, तर तेच कण पॅडमध्ये अडकून पत्राभर नवे चरे पाडतील. कोटिंगचेही तसेच आहे: त्याच्याखाली जे राहील ते तसेच बंद होईल. रॉकेलने तेलकट तकाकी येते आणि दोष काही दिवस झाकले जातात, इतकेच. त्या तेलावर धूळ आणखी चिकटते.

क्रम असा ठेवा. गाडी सावलीत आणि पत्रा गार असताना आधी नुसत्या पाण्याच्या धारेने सुटी धूळ खाली उतरवा. मग गाडीच्या शाम्पूने दोन बादल्यांत धुवा, एक शाम्पूची आणि दुसरी फडका खळबळून घेण्यासाठी साध्या पाण्याची. भांड्यांचा साबण नको. पत्रा धुतल्यावर आयर्न रिमूव्हर फवारा. तो लोखंडाशी क्रिया करून जांभळा होतो. बाटलीवर लिहिलेल्या वेळेपुरताच ठेवा, वाळू देऊ नका आणि भरपूर पाण्याने धुऊन टाका. वास उग्र असतो, हातमोजे घाला. त्यानंतरही खरखर उरली, तर क्ले बार (रुतलेले कण उचलून घेणारा मऊ मातीसारखा गोळा) भरपूर शाम्पूच्या पाण्यावर, जोर न देता, सरळ रेषेत फिरवा. क्ले जमिनीवर पडला तर तो टाकून द्या, कितीही महाग असला तरी. त्यात अडकलेला एक खडा गडद निळ्या रंगावर कायमची ओळ काढू शकतो.

प्रतिसाद २

पाण्याच्या डागांविषयी थोडे लिहितो. बोअरच्या पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार पाणी उडून गेल्यावर मागे राहतात. ताजे डाग पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तेवढेच पाणी मिसळून त्यात भिजवलेला मायक्रोफायबर एक-दोन मिनिटे डागावर ठेवला की मऊ पडतात. नंतर ती जागा स्वच्छ धुवावी. आयर्न रिमूव्हर आणि व्हिनेगर एकावर एक मात्र वापरू नका, मध्ये पूर्ण धुणे हवे. व्हिनेगरनेही न हललेली वर्तुळे म्हणजे क्षारांनी क्लिअर कोट थोडा खाल्लेला असतो आणि तिथे पॉलिशच लागेल. पुढच्या वेळी शेवटची धार शुद्ध केलेल्या पाण्याची द्या आणि गाडी वाऱ्यावर वाळू न देता जाड मायक्रोफायबरने टिपून घ्या. रोजचे पुसणे तर बंदच करा. धूळ असलेल्या गाडीवर फडका फिरवण्यापेक्षा ती आठवडाभर धुळीत राहिलेली बरी.

मूळ लेखक

दोघांचेही मनापासून आभार. पूर्ण गाडीला हात लावण्यापूर्वी आज बॉनेटच्या फक्त डाव्या अर्ध्या भागावर आयर्न रिमूव्हर मारून पाहिले. सुरुवातीला काहीच दिसले नाही; मग प्रत्येक तांबूस ठिपक्याभोवती जांभळा थेंब तयार झाला आणि त्याचे ओघळ नंबरप्लेटपर्यंत उतरले. धुऊन पुन्हा पिशवीतून हात फिरवला, तेव्हा डावी बाजू उजवीपेक्षा स्पष्टपणे गुळगुळीत लागली, थोडी खरखर आहे ती क्लेसाठी ठेवली आहे. आता पॉलिश आणि संरक्षण यांबद्दल सांगावे. एका दाराजवळ एक खोल चरा आहे, त्यात नख अडकते.

प्रतिसाद १

नख अडकते त्या चऱ्याच्या मागे लागू नका. तो पॉलिशने काढायला गेलात, तर आजूबाजूचा क्लिअर कोटच संपेल. तिथे टच-अपचा रंग बारीक ब्रशने भरणे योग्य. गोलाकार चऱ्यांसाठी मित्राचे ड्युअल अ‍ॅक्शन मशीन चांगले, कारण त्याचे पॅड फिरता फिरता हलते आणि एका जागी उष्णता साठत नाही. नवख्या हातात रोटरी, म्हणजे पॅड नुसते एका जागी गोल फिरवणारे मशीन, देऊ नये. पत्र्याच्या कडा आणि बॉनेटवरच्या उठावाच्या रेषा, जिथे रंग मुळातच पातळ असतो, त्यांवर मास्किंग टेप लावा. काळ्या प्लॅस्टिकवरही लावा, नाहीतर पॉलिशचे पांढरे डाग तिथून निघत नाहीत. दोन फूट बाय दोन फूट जागेवर मऊ फोमचे पॅड आणि सर्वांत सौम्य पॉलिश यांनी सुरुवात करा. तेवढ्याने चरे पुरेसे फिके झाले, तर कंपाउंडची, म्हणजे जास्त घासणाऱ्या पॉलिशची, बाटली उघडूच नका. सगळे चरे घालवण्याचा आग्रह धरू नये, हे माझे ठाम मत आहे. गाडी आणखी बरीच वर्षे वापरायची असेल, तर निम्मे चरे राहिले तरी चालतील पण थर राहिला पाहिजे. हाताने पॉलिश केले तर मोठ्या बॉनेटवर दाब एकसारखा पडत नाही. दारांच्या मुठींमागे मात्र हातच बरा.

पॉलिशनंतर पत्रा पातळ केलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, म्हणजे तेलकटपणा जाईल आणि उरलेले चरे खरे किती ते कळेल. मग संरक्षण. कार्नोबा वॅक्सची (वनस्पतीजन्य मेणाची) चकाकी सुंदर असते, पण आपल्याकडच्या उन्हात आणि गगनबावड्याकडच्या पावसात ते थोड्या आठवड्यांतच उतरते. तुम्ही सिंथेटिक सीलंट (कृत्रिम संरक्षक लेप) लावावे, ते काही महिने टिकते. पातळ थर लावा, सांगितलेली वेळ जाऊ द्या, कोरड्या मायक्रोफायबरने पुसा. सिरॅमिक कोटिंग वाईट नाही, पण त्यावर लिहिलेले ‘9एच’ हे पेन्सिलच्या कठीणपणाचे माप आहे. खडा किंवा धुळीचा फडका यांपासून ते वाचवत नाही. पक्ष्यांची विष्ठा दिसली की त्याच दिवशी भिजवून काढा, कारण तापलेल्या पत्र्यावर ती क्लिअर कोटमध्ये उतरते. शिरोलीत गाडी उभी राहणारच असेल, तर पावसाळा संपल्यावर आणि पुन्हा मार्चमध्ये पिशवीत हात घालून बॉनेट तपासा, आणि खरखर लागली तरच आयर्न रिमूव्हर वापरा.