जमिनीची अट गेली, कातडीची आली: अमेरिकेतली लोकशाही खरंच वाढली का?

चावडीवाचक

अमेरिकेच्या इतिहासात १८०० ते १८४० हा काळ लोकशाहीच्या चढत्या कमानीसारखा सांगतात. आधी वॉशिंग्टन आणि ॲडम्स यांच्यासारख्या प्रतिष्ठितांचा कारभार, मग जेफरसन, मग १८२८ साली टेनेसीचा जनरल अँड्र्यू जॅक्सन निवडून येतो. शपथविधीनंतर गर्दी चिखलाच्या बुटांनी व्हाइट हाउसात घुसते आणि राज्य सामान्य माणसाचं होतं. मला ही गोष्ट पटत नाही.

मताधिकार कुणी तत्त्वासाठी वाढवला नाही. दोन पक्ष एकमेकांच्या उरावर बसले होते. ज्याला जिथे मतं कमी पडली, त्याने तिथे दार उघडलं. ज्यांची मतं विरोधकाला जात होती, त्यांच्या तोंडावर तेच दार लावलं. आणि ही दोन्ही कामं कित्येकदा एकाच बैठकीत झाली.

न्यूयॉर्क राज्याचंच बघा. १७७७ च्या घटनेत मतासाठी मालमत्तेची अट होती, रंगाची नव्हती. १८२१ साली नवी घटना लिहायला प्रतिनिधी जमले, त्यात फेडरलिस्ट पक्षाचे विरोधक मार्टिन व्हॅन ब्युरेन यांच्या गटाचं वजन होतं. निदान सिनेट तरी जमीनवाल्यांच्या हाती राहू द्या, म्हणून राज्याचे चॅन्सलर (वरिष्ठ न्यायाधीश) जेम्स केंट जीव तोडून बोलले आणि हरले. गोऱ्या पुरुषांची जमिनीची अट गेली. कर भरला, मिलिशियात (नागरिकांच्या हंगामी फौजेत) नोकरी केली किंवा रस्त्याच्या कामाला हात लावला तरी पुरे. पण मसुद्यात मतदार ‘गोरा’ असावा असं घातलेलं होतं. पीटर जे यांनी भांडून ते काढायला लावलं, तर मागच्या दाराने काळ्या पुरुषांसाठी २५० डॉलरच्या स्थावराची अट आली. कारण उघड होतं: न्यूयॉर्कचे स्वतंत्र काळे मतदार बहुतांशी फेडरलिस्टांच्या, म्हणजे ॲडम्सच्या जुन्या पक्षाच्या बाजूचे.

टिपणवही

माहिती चांगली, निष्कर्ष साफ अमान्य.

१८२४ साली अध्यक्षपदासाठी सुमारे साडेतीन लाख मतं पडली, १८२८ साली अकरा लाखांवर. १८४० पर्यंत पात्र मतदारांपैकी ८० टक्क्यांच्या आसपास लोक मतदानाला येऊ लागले. १८२४ साली सहा राज्यांत निर्वाचक (अध्यक्षासाठी प्रत्यक्ष मत देणारे राज्याचे प्रतिनिधी) विधिमंडळंच निवडत होती, लोकांना विचारतच नव्हते. १८३२ पर्यंत असं एकटं साउथ कॅरोलायना उरलं.

१८२४ ची निवडणूक तर विसरूच नका. जॅक्सनला ९९ निर्वाचक मतं, जॉन क्विन्सी ॲडम्सला ८४. बहुमत कुणालाच नाही, म्हणून निवड प्रतिनिधीगृहाकडे गेली. तिथे सभापती हेन्री क्ले यांनी वजन टाकलं, ॲडम्स अध्यक्ष झाले आणि क्ले परराष्ट्रमंत्री! त्यावर देशभर जो गहजब झाला, तो आपलं मत कुणीतरी परस्पर फिरवलं या रागाचा होता. तीस वर्षांपूर्वी असा राग कुणाला आलाच नसता.

हेतू मतलबी होता म्हणून फळही नासकं, हे मला कळत नाही. मतलबाशिवाय राजकारण कुणी केलंय?

चावडीवाचक

टिपणवही, मतं तिप्पट झाली म्हणजे मताधिकार तिप्पट झाला असं नाही. बहुतेक राज्यांत गोऱ्या पुरुषांना मत आधीच मिळालं होतं, ते द्यायला कुणी येत नव्हतं. १८२४ चे चारही प्रमुख उमेदवार एकाच पक्षाचे. चुरस पेटली तेव्हा लोक आले. हा तर माझ्याच बाजूचा पुरावा झाला.

न्यूजर्सीकर

आमच्या न्यू जर्सीचा उल्लेख अजून कसा नाही? १७७६ च्या इथल्या घटनेत ५० पौंडांची मालमत्ता असलेल्या ‘सर्व रहिवाशांना’ मत होतं. त्यामुळे अविवाहित बायका आणि विधवा मत देत, स्वतंत्र काळे लोकही देत. (नवरेवालीच्या नावावर मालमत्ताच नसे, म्हणून ती बाद.) १७९७ च्या निवडणूक कायद्यात मतदाराबद्दल ‘तो किंवा ती’ असं चक्क लिहिलंय.

१८०७ साली एसेक्स काउंटीचं न्यायालय नेवार्कला बांधायचं की एलिझाबेथटाउनजवळ, यावर मतदान झालं. दोन्ही गावं इरेला पेटली. पात्र मतदारांपेक्षा मतं जास्त निघाली. पुरुषांनी लुगडं नव्हे, पण झगे घालून पुन्हा मत दिल्याचे आरोप झाले. या लबाडीची शिक्षा कुणाला? त्याच वर्षी कायदा आला: मत फक्त कर भरणाऱ्या गोऱ्या पुरुष नागरिकांना. एका फटक्यात ५० पौंडांची अट जवळपास निकालात निघाली आणि बायका व काळे बाहेर गेले. चावडीवाचक म्हणतात ते दार इथे सगळ्यात आधी लागलं.

अर्धी_भाकर

मताधिकारावर इतकं बोलताय, पण त्या मतांनी केलं काय? मूळ रहिवाशांना मिसिसिपीच्या पश्चिमेला हलवणारा १८३० चा इंडियन रिमूव्हल कायदा प्रतिनिधीगृहात १०२ विरुद्ध ९७ मतांनी संमत झाला. त्यांतल्या चेरोकी जमातीची स्वतःची लिखित घटना होती, न्यू एकोटा ही राजधानी होती, स्वतःच्या लिपीत वर्तमानपत्र होतं. १८३२ साली सर्वोच्च न्यायालयाने जॉर्जिया राज्याला चेरोकी प्रदेशात कायदा चालवायचा हक्क नाही असं सांगितलं, ते कुणी ऐकलं नाही. उलट जॉर्जियाने त्याच वर्षी चेरोकींच्या जमिनीची लॉटरी काढली. चिठ्ठ्या कुणाच्या नावाने? तुमच्या त्या सामान्य माणसाच्या. १८३८-३९ मध्ये सुमारे सोळा हजार माणसं पश्चिमेला हाकलली, अंदाजे चार हजार मेली. जमिनीची अट काढणाऱ्यांनी जमीन कुठून आणली, तेही धाग्यात यायला हवं.

टिपणवही

अर्धी_भाकर, हा त्या काळावरचा मोठा डाग आहे, त्यावर वाद नाही. पण दोन गोष्टी. चेरोकींच्या १८२७ च्या घटनेतही आफ्रिकी वंशाच्या लोकांना मत नव्हतं. म्हणजे रंगाची रेघ एका पक्षाने किंवा एका जमातीने शोधलेली नव्हती. आणि १०२-९७ याचा अर्थ जवळपास निम्मं सभागृह विरोधात होतं. ज्या बायकांना मत नव्हतं, त्यांनी शिक्षिका कॅथरीन बीचर यांच्या पुढाकाराने काँग्रेसकडे अर्जांचा पाऊस पाडला. मत नसलेली माणसं राजकारणात उतरतात, हाही विस्तारच.

माझा खरा मुद्दा वेगळाच आहे. १७९८ साली राजद्रोहाचा कायदा झाला. अध्यक्ष जॉन ॲडम्स (जॉन क्विन्सींचे वडील) यांच्यावर टीका लिहिल्याबद्दल व्हर्मॉंटचा खासदार मॅथ्यू लायन चार महिने तुरुंगात. मतदारांनी त्याला तुरुंगात असतानाच पुन्हा निवडून दिलं. १८०० च्या निवडणुकीत ॲडम्स हरले, पण जेफरसन आणि त्यांच्याच पक्षाचे ॲरन बर यांची निर्वाचक मतं ७३-७३ अशी बरोबरीत आली. ती फोडायला फेब्रुवारी १८०१ मध्ये प्रतिनिधीगृहात, दर राज्याला एक मत धरून, ३६ फेऱ्या लागल्या. छत्तिसाव्या फेरीत व्हर्मॉंटच्या दुसऱ्या सदस्याने अंग काढून घेतलं आणि राज्याचं मत जेफरसनला टाकलं ते याच लायनने. विरोधकाला कोठडीत टाकणारा पक्ष हरला आणि गोळी न झाडता पायउतार झाला. लोकशाही वाढली ती इथे. मतदारयादीची लांबी नंतर मोजा.

चावडीवाचक

लायनची गोष्ट मलाही आवडते. पण त्या ७३ मतांत दक्षिणेच्या गुलामांच्या डोक्यामागे मोजलेली मतं किती? घटनेप्रमाणे पाच गुलामांची तीन माणसं धरून राज्याच्या जागा ठरत, निर्वाचकही त्याच हिशेबाने. हा जादा वाटा वजा केला तर ॲडम्स पुढे जातात, असा हिशेब इतिहासकारांनी मांडलेला आहे. ज्यांना मत नाही त्यांच्या मुंड्या मोजून ‘जनतेचा विजय’!

पानगळ

तुम्ही दोघंही आपापल्या गावचे पाटील. ऱ्होड आयलंडला या, तिथे दोघांचीही पंचाईत होते.

तिथे क्रांतीनंतरही १६६३ ची इंग्लंडच्या राजाने दिलेली सनदच घटना म्हणून चालू होती. मतासाठी १३४ डॉलरची जमीन हवी, किंवा तुम्ही जमीनदाराचे थोरले चिरंजीव हवेत. धाकट्याने काय पाप केलं होतं कोण जाणे. दरम्यान कापडगिरण्या आल्या, प्रॉव्हिडन्स शहर फुगलं, आयरिश मजूर आले. १८४० च्या सुमारास निम्म्याहून अधिक प्रौढ गोरे पुरुष मताविना. विधिमंडळ जमीनवाल्यांचं, ते स्वतःहून कशाला बदलेल?

थॉमस डॉर हा श्रीमंत घरातला वकील. त्याच्या गटाने सरकारला न विचारता स्वतःची सभा भरवली आणि ‘लोकांची घटना’ लिहिली. डिसेंबर १८४१ मध्ये जवळपास चौदा हजार लोकांनी तिला मत दिलं. पण त्या घटनेत मतदार ‘गोरा’च हवा होता. प्रॉव्हिडन्सच्या काळ्या रहिवाशांनी सभेला अर्ज केला, तो धुडकावला. डॉर स्वतः ती अट काढायच्या बाजूने होता, पण त्याचं चाललं नाही. गुलामीतून निसटलेला वक्ता फ्रेडरिक डग्लस आणि त्याचे सहकारी त्या हिवाळ्यात राज्यभर या घटनेविरुद्ध भाषणं देत फिरले.

मग एका राज्यात दोन गव्हर्नर झाले. मे १८४२ मध्ये डॉर रात्री प्रॉव्हिडन्सच्या शस्त्रागारावर तोफा घेऊन गेला. तोफांना बत्ती दिली, त्या उडाल्याच नाहीत. आत बचावाला त्याचा सख्खा बाप उभा होता! आणि शहर राखायला सनदवाल्यांच्या बाजूने काळे नागरिक मिलिशियात उतरले. त्याची परतफेड म्हणून सनदवाल्यांनी जी नवी घटना आणली (१८४३ पासून लागू), तिच्यात इथे जन्मलेल्या काळ्या पुरुषांना गोऱ्यांच्याच अटींवर मत मिळालं. परदेशात जन्मून नागरिक झालेल्यांना मात्र १३४ डॉलरच्या जमिनीची अट कायम. आयरिश बाहेर, काळे आत. ती अट १८८८ पर्यंत टिकली.

डॉरला जन्मठेप झाली, १८४५ मध्ये सुटला. खरं सरकार कोणतं हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. १८४९ साली सरन्यायाधीश टेनी यांनी सांगितलं की हा राजकीय प्रश्न आहे, तो न्यायालयाने सोडवायचा नाही.

आता सांगा, लोकशाहीवादी कोण? जमीन नसलेल्यांसाठी लढणारा डॉर, की काळ्यांना मत देणारे जमीनदार?

चावडीवाचक

पानगळ, सुंदर लिहिलंत. पण यात माझी पंचाईत कुठे? जमीनदारांना आयरिशांविरुद्ध माणसं हवी होती, ती मिळाली. पक्की सौदेबाजी.

टिपणवही

सौदा करायला समोर ताकद लागते. प्रॉव्हिडन्सचे काळे नागरिक संघटित होते, अर्ज करत होते, वेळ आली तेव्हा बंदूक घेऊन उभे राहिले, म्हणून सौदा झाला. तुम्ही सगळा इतिहास देणाऱ्याच्या हिशेबाने लिहिताय. घेणाऱ्यांनाही डोकं असतं. पेनसिल्व्हेनियाने १८३८ साली काळ्यांचं मत काढलं, तेव्हा तिथले काळे नेते रॉबर्ट पर्व्हिस यांनी चाळीस हजार नागरिकांच्या वतीने जाहीरनामा काढला. १८४८ साली सेनेका फॉल्सच्या स्त्रीहक्क परिषदेत बायकांनी १७७६ च्या अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या घोषणेचाच साचा घेऊन त्यात ‘आणि स्त्रिया’ घातलं. तत्त्व पोकळ असतं तर ते त्यांच्या कामाला आलं असतं का?

अर्धी_भाकर

थोडं अवांतर, पण आपल्याकडे बाबासाहेबांनी १९२८ साली सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकारच मागितला होता, मालमत्ता-शिक्षणाच्या पायऱ्या नकोत म्हणून. आणि राज्यघटनेने तो सगळ्यांना एकदम दिला. अमेरिकेने मताधिकार राज्यांवर सोडला, त्यामुळे वर सांगितलेले हे तालुकानिहाय तमाशे शक्य झाले.

चावडीवाचक

टिपणवही, तत्त्व कामाला आलं हे मान्य, पण बहुमताला नाही. न्यूयॉर्कच्या मतदारांना ती २५० डॉलरची अट काढायची का, हे १८४६, १८६० आणि १८६९ असं तीनदा विचारलं. तिन्ही वेळा ‘नाही’. मतदार वाढले म्हणून मन मोठं झालं नाही. ती अट गेली १८७० च्या पंधराव्या घटनादुरुस्तीने (वंश-रंगावरून मत नाकारायला बंदी), म्हणजे यादवी युद्धात लाखो माणसं मेल्यावर.

न्यूजर्सीकर

त्याच दुरुस्तीबद्दल: न्यू जर्सीच्या विधिमंडळाने ती आधी फेटाळली होती. इतर राज्यांच्या जोरावर ती लागू झाली, आणि ३१ मार्च १८७० रोजी तिच्याखाली देशातलं पहिलं मत देणारा काळा मतदार थॉमस मंडी पीटरसन हा न्यू जर्सीतल्याच पर्थ अँबॉयचा. मतदान कशाचं होतं, तर गावची सनद बदलायची की नाही याचं. ही गोष्ट कुणाच्या पारड्यात टाकायची यावर भांडायचं असेल तर भांडा, मी चाललो कामाला.