जुन्या फियाटमध्ये एवढे सामान कसे मावत असे, आणि आज किती न्यावे?

वावरकाठ_आर्वी

सर्वांना नमस्कार. वडिलांनी घेतलेली प्रीमियर पद्मिनी आमच्या गावी, आर्वी तालुक्यात, अजून चालू स्थितीत आहे. गावात तिला आजही सगळे फियाटच म्हणतात. आषाढात कौंडण्यपूरला जाताना या गाडीत सहा मोठी आणि तीन लहान अशी नऊ माणसे बसत आणि पायांशी शिदोरीचे गाठोडेही राहत असे. थोरल्या बहिणीच्या लग्नात रुखवताची भांडी, दोन गाद्या आणि पायाचे शिलाई मशीन हे सर्व एकाच फेरीत सासरी पोहोचले होते. तेच मशीन मागील महिन्यात दुरुस्तीसाठी न्यायचे होते, तर बाहेरून फियाटपेक्षा मोठ्या दिसणाऱ्या भावाच्या नव्या गाडीत ते काही केल्या बसेना. शेवटी फियाटच काढावी लागली.

माझे दोन प्रश्न आहेत. एवढ्याशा गाडीत ही जागा कोठून येते? आणि या पेरणीला सोयाबीन बियाण्याच्या ३० किलोच्या आठ पिशव्या, सोबत आम्ही तीन माणसे, अशी फेरी पांदण रस्त्याने करावी का? वडील असते तर त्यांनी विचारही केला नसता, परंतु गाडी आता म्हातारी झाली आहे आणि मला ती गमवायची नाही.

जुने_गॅरेज_यवतमाळ

भाऊ, माझी पस्तीस वर्षे गॅरेजमध्ये गेली आणि त्यातील बराच काळ फियाटच्या खाली गेला, म्हणून सांगतो. आपल्या गाडीत गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबावर आहे, त्यामुळे पुढे दोन वेगळ्या सीटऐवजी सलग बाक बसवता आला आणि चालकाशेजारी दोन माणसे बसू लागली. दरवाजे पातळ, खिडक्या उभ्या, छत जवळजवळ सरळ आणि मधे कन्सोल नाही. आजच्या गाडीच्या दरवाजात धडकेपासून वाचवणारी पोलादी पट्टी, काच चढवणारी मोटर, स्पीकर आणि जाड अस्तर असते, छतही मागे उतरते. बाहेरची लांबीरुंदी वाढूनही आतली चौकोनी जागा त्यात खर्च होते. त्यातील पुष्कळसा खर्च माणसाच्या जिवासाठी आहे, म्हणून मी त्याला दोष देणार नाही. आपल्या वेळी नऊ माणसे बसत, पण एकाच्याही छातीवर पट्टा नसे, हेही तितकेच खरे आहे.

आता वजनाचे. मागचा अ‍ॅक्सल पाट्यांवर, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगवर, टेकलेला असल्यामुळे गाडी भार सोसते असे लोकांना वाटते, आणि अनेकांनी माझ्याकडून एकेक पाटा वाढवूनही घेतला. पाटा वाढवल्याने गाडी मागून कमी बसते, एवढेच. ब्रेक, टायर, बेअरिंग आणि रिम यांची ताकद तसूभरही वाढत नाही. पद्मिनीचे इंजिन १०८९ सीसीचे, ताकद सुमारे ४० अश्वशक्ती आणि ब्रेक चारही चाकांना ड्रमचे आहेत. ओझे घेऊन गाडी निघते, प्रश्न थांबण्याचा असतो. पेरणीपूर्वी पाट्यांना तडा आहे का, मधला बोल्ट आणि शॅकलचे (पाट्याचे टोक गाडीला जोडणाऱ्या कडीचे) बुश कसे आहेत, हे गाडी जॅकवर घेऊन पाहावे. कॅरिअरवर काहीही जड ठेवू नये, कारण तो सगळा भार छताच्या कडेच्या पन्हळीवर येतो आणि ती आतून गंजलेली असली तरी वरून कळत नाही.

तराजू_अमरावती

मी पदार्थविज्ञान शिकवते आणि आमच्या घरीही कापूस-सोयाबीन आहे, म्हणून हा प्रश्न मला फार जवळचा वाटला. मावणे आणि पेलणे या दोन गोष्टी आपण एकच समजतो. वेचलेल्या कपाशीने डिक्की गच्च भरली तरी गाडीला ते फारसे जाणवत नाही. सोयाबीनचे दाणे मात्र एका घनमीटरला ७०० किलोच्या आसपास भरतात, म्हणजे २५० लिटरची जागा दाण्यांनी भरली तर पावणेदोनशे किलो झाले. डोळ्यांना दोन्ही वेळी डिक्की सारखीच भरलेली दिसते.

आता आपल्या आठ पिशव्या घेऊ. त्यांचे वजन २४० किलो होते. पद्मिनीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधील अंतर सुमारे २.३४ मीटर आहे. डिक्कीतील ओझ्याचा मध्य मागच्या अ‍ॅक्सलच्या ७० सेंटीमीटर मागे आला असे धरले, तर तरफेच्या नियमाने पुढच्या चाकांवरचा भार सुमारे ७२ किलोंनी हलका होतो आणि मागच्या चाकांवर २४० नव्हे तर ३१२ किलो वाढतात. स्टिअरिंग हलके लागते ते यामुळेच, आणि रात्री समोरच्याच्या डोळ्यांत आपला दिवा जातो तोही यामुळेच. त्याच पिशव्या मागच्या सीटपुढच्या पायजागेत, अ‍ॅक्सलच्या ४० सेंटीमीटर पुढे ठेवल्या, तर पुढे सुमारे ४१ आणि मागे १९९ किलो अशी विभागणी होते. पिशव्या त्याच, गाडी तीच, पण मागच्या पाट्यांवरचे ओझे शंभर किलोंहून अधिक कमी झाले. बैलबंडी भरताना आपले आजोबा जू हाताने उचलून ओझे पुढे-मागे सरकवत, ते हेच गणित होते.

जागेबद्दल थोडे अधिक लिहिते, कारण लहान गाडीत जागा निर्माण करणे हे त्या काळच्या अभियंत्यांचे खरे कौशल्य होते. १९५९ साली आलेल्या मिनी या ब्रिटिश गाडीची लांबी जेमतेम ३.०५ मीटर होती. अ‍ॅलेक इसिगोनिस या तिच्या रचनाकाराने इंजिन आडवे बसवून पुढची चाके चालवली आणि चाके दहा इंचांची घेतली, त्यामुळे गाडीच्या तळाचा जवळपास ८० टक्के भाग माणसे व सामान यांना मिळाला. तिच्या सस्पेन्शनमध्ये रबराचे शंकू होते, जे दाब वाढेल तसे अधिक ताठ होत जातात. सुमारे ६०० किलोंच्या गाडीत चार माणसे बसली की वजन दीडपटीकडे जाते, म्हणून ही योजना. फ्रान्सच्या सित्रोएन २ सीव्ही या गाडीची तर मागणीच शेतकऱ्यासाठी होती: ५० किलो बटाटे घेऊन ताशी ६० किलोमीटर वेगाने जावे आणि नांगरलेल्या रानातून नेली तरी टोपलीतील अंडी फुटू नयेत. ती १९४८ साली लोकांसमोर आली. तिचे कापडी छत गुंडाळता येई आणि सीट बाहेर काढता येत, त्यामुळे उंच वस्तूही वरून आत ठेवता येत.

एक इशारा मिनीच्याच अनुभवातून देते. तिच्या डिक्कीचे झाकण खाली उघडे ठेवून त्यावर सामान नेता येई आणि नंबर दिसत राहावा म्हणून पाटीही बिजागरीवर लटकती होती. पुढे ही सोय काढून टाकण्यात आली, कारण उघड्या डिक्कीतून सायलेन्सरचा धूर आत येतो असे आढळले. आपल्याकडे डिक्की दोरीने अर्धवट बांधून बाजाराला जाण्याची रीत आहे. मुले मागे बसलेली असताना तरी ती कृपया टाळावी.

संत्राबाग_वरूड

आमच्याकडे मारुती ८०० आहे आणि बहारात सुमारे २० किलोचे क्रेट मी तिच्यातूनच नेतो. तिची चाल पुढच्या चाकांवर असल्यामुळे मागे ओझे भरले की काळ्या मातीच्या ओल्या पांदणीत पुढची चाके जागच्या जागी फिरतात. फियाट मागच्या चाकांवर चालते, तिला मागच्या ओझ्याने उलट पकड मिळते. म्हणून माझ्या गाडीवरून आपण अंदाज बांधू नये. टायरमधील हवा मात्र ओझे भरण्याआधी, टायर थंड असताना पाहावी.

वावरकाठ_आर्वी

सर्वांचे मनापासून आभार. काल गाडी जॅकवर घेतली, तेव्हा डाव्या बाजूच्या दुसऱ्या पाट्याला केसाएवढा तडा निघाला. पाटा बदलेपर्यंत गाडी जागची हलवणार नाही. त्यानंतर चार-चार पिशव्यांच्या दोन फेऱ्या करीन, पिशव्या मागच्या पायजागेत राहतील आणि सोबत एकच माणूस असेल. ताईंना एक विचारायचे राहिले: चार पिशव्या दोन थरांत ठेवाव्या लागतील, तर वरच्या थराला दोरीने बांधणे पुरेसे आहे की पुढच्या बाकाच्या पाठीशी फळी उभी करावी?

तराजू_अमरावती

फळी अवश्य लावा आणि दोरीही बांधा. जोरात ब्रेक लागला की १२० किलो थेट तुमच्या पाठीवर येतील, आणि तुमच्या बाकाची पाठ एवढ्या धक्क्यासाठी केलेली नाही.