शब्दभ्रमकारांमधे (ओठ न हलवता बाहुल्यांना बोलतं करणारे) लक्षात कोणाला ठेवायचं?

पंचवटीकर: कालिदास नाट्यगृहात बोलक्या बाहुल्यांचा शो बघितला, तेव्हापासून पोरगी हातात मोजा घालून बडबडतीये, रामदास पाध्ये सोडून अजून कोण भारी आहे यात?

गोदाकाठी: आधी त्यांचे वडील यशवंत पाध्ये घ्या ना, अर्धवटराव हा बोलका बाहुला मुळात त्यांचा. 'झपाटलेला'तला (१९९३) तात्या विंचू रामदासांनी बनवला हे सगळ्यांना माहितीये, वडिलांना कोण विचारतं!

सीबीएसवाला: अमेरिकेचा एडगर बर्गन. त्याचा बाहुला चार्ली मॅकार्थी चक्क रेडिओवर हिट, १९३८ ला लाकडी ऑस्कर पण मिळाला.

गोदाकाठी: रेडिओवर ओठ कोणाला दिसणारेत 😄 आरशासमोर ओठ न हलवता 'मामा, पापड' म्हणून बघा, प-ब-म ला ओठ मिटतातच, तिथे जिभेवर भागवावं लागतं. माझं मत पाध्ये बापलेकांनाच.