टाच दुखतेय, नवरात्र तीन आठवड्यांवर, इंजेक्शन घेऊ का? (बडोदा)

नमस्कार मंडळी, धागा लांब होणार आहे, आधीच सांगते. वय ४६, माहेर दांडिया बाजार, सासर मांजलपूर, म्हणजे गरबा सोडून द्या हा सल्ला प्लीज कोणी देऊ नका. जुलैपासून क्लास लावलाय, रोज दीड तास, टाइल्सवर, अनवाणी, यंदा दोढियो हा गरब्याचा प्रकार शिकायचाच असं डोक्यात घेतलेलं. पंधरा दिवस मजेत गेले आणि एक दिवस सकाळी पलंगावरून उतरून उजवा पाय टेकवला तर टाचेत खालून खिळा घुसल्यासारखं झालं, बाथरूमपर्यंत भिंत धरून गेले. गंमत म्हणजे चहा उकळेपर्यंत बरंच कमी होतं, मग ऑफिसात तासभर बसून उठलं की परत तेच. रात्री तळव्यांना थोड्या मुंग्या येतात, ते वयाचं असेल.

एक्सरे काढला तर टाचेचं हाड वाढलंय म्हणाले. डॉक्टर म्हणतात इंजेक्शन देतो, नवरात्र निघून जाईल. मोठ्या जाऊबाई म्हणतात वीट तापवून वर रुईचं पान ठेव आणि शेक, कालपासून तेच करतेय, छान ऊब लागते. नवरा म्हणतो टीव्हीवर बघ गरबा. कोणाचं ऐकू?

सुरसागरचा_वारा: नवऱ्याचं सोडून कोणाचंही ऐका 😄 मला पण झालं होतं हे, आठ महिने गेले, सिलिकॉनचे हील कप घातले, घरात सुद्धा चप्पल घालायला लागले तेव्हा कुठे आराम. पाण्याची बाटली फ्रीजरमध्ये गोठवून तळव्याखाली फिरवायची, ती बेस्ट.

फिजिओ_अकोटा: ताई, लक्षणं तर प्लांटर फॅसायटिसची दिसताहेत. टाचेच्या हाडापासून बोटांपर्यंत तळव्यात एक जाड पट्टा असतो, रात्रभर तो आखडून राहतो आणि सकाळी पहिल्याच पावलाला ताणला जातो, म्हणून ती कळ. वाढलेल्या हाडाला घाबरू नका, टाच अजिबात न दुखणाऱ्या लोकांच्या एक्सरेतही ते दिसतं. तुमच्या बाबतीत झालंय एवढंच की पायाला सवय नसताना रोज दीड तास उड्या, त्याही कडक फरशीवर अनवाणी.

सकाळी उठायच्या आधी पलंगावरच पायाची बोटं हाताने मागे ओढून धरा, १० सेकंद, असं १० वेळा, दिवसातून तीनदा. दुसरं, पायरीच्या कडेवर उभं राहून बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, ३ सेकंदांत टाच वर, २ सेकंद थांबा, ३ सेकंदांत खाली, एक दिवसाआड. हे कंटाळवाणं आहे आणि फरक पडायला महिने लागतात, तीन आठवड्यांत चमत्कार होणार नाही.

पण एक विचारायचंय. त्या मुंग्या दोन्ही पायांना येतात का? शुगर आहे का तुम्हाला?

धागाकर्ती: हो दोन्ही. शुगर आहे पण बॉर्डरलाइनच, सहा वर्षं मेटफॉर्मिनची एकच गोळी चालू आहे, त्याचा टाचेशी काय संबंध म्हणून लिहिलं नाही.

फिजिओ_अकोटा: ताई, वीट आजच बंद करा, अगदी आत्ता. शुगरमुळे तळव्याची संवेदना कमी झालेली असू शकते, तुम्हाला जी छान ऊब वाटते त्यात कातडी भाजलेली असेल आणि कळणारही नाही. बर्फाची बाटलीसुद्धा तपासणी होईपर्यंत नको. रुईचा चीक डोळ्यात गेला तर वेगळंच प्रकरण. इंजेक्शन स्टेरॉइडचं असणार, त्याने काही दिवस शुगर वर जाते, शिवाय आराम काही आठवड्यांपुरता आणि क्वचित तो पट्टाच तुटतो, दुखणं दबलंय म्हणून तुम्ही नऊ रात्री उड्या मारणार हे तर ठरलेलंच. डॉक्टरांना शुगरचं सांगितलं होतं का? HbA१c (तीन महिन्यांची सरासरी शुगर) आणि व्हिटॅमिन B१२ दोन्ही तपासण्या करा, मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेतली की B१२ कमी होऊ शकतं, त्यानेही मुंग्या येतात. आणि नायलॉनचा दोरा टेकवून तळव्याच्या संवेदनेची तपासणी करतात, दोन मिनिटांचं काम, ते करून घ्या.

रावपुरा_रनर: विषय जरा वेगळा पण लिहितोच. माझ्या मेहुण्याला गरब्यात मागून कोणीतरी पोटरीवर दगड मारल्यासारखं वाटलं, वळून बघतो तर कोणीच नाही. घरी येऊन मसाज केला, आठवडा घालवला. पोटरीचा स्नायू टाचेला जोडणारी दोरी, अकिलीस, पूर्ण तुटली होती. असा फटका बसला आणि चवड्यावर उभं राहता येत नसेल तर मालिश करत बसू नका, त्याच दिवशी ऑर्थो गाठा.

धागाकर्ती: अपडेट देते. डॉक्टरांना शुगरचं मी सांगितलंच नव्हतं, त्यांनीही विचारलं नव्हतं. B१२ बरंच कमी निघालं. दोरा टेकवला तर उजव्या अंगठ्याखाली दोन जागी मला काहीच कळलं नाही, डॉक्टर टेकवतायत आणि मी म्हणतेय टेकवा ना आता. रडूच आलं. वीट जाऊबाईंना परत दिली, त्या जरा फुगल्यात. इंजेक्शन नाही घेतलं. दोढियो पुढच्या वर्षी, यंदा फक्त बे ताळी (दोन टाळ्यांचा साधा गरबा), अर्धा तास, चणियाचोळीखाली स्पोर्ट्स शूज घालून, लोक हसले तर हसू देत. चालेल ना?

फिजिओ_अकोटा: चालेल, दुसऱ्या दिवशी सकाळची कळ वाढली नाही तर. अनवाणी मात्र एक फेरासुद्धा नाही, मैदानात खडे असतातच. मोजे जाड घाला, दर ब्रेकला बूट काढून झटका, घरी आल्यावर आरसा धरून तळवे बघा. बुटात खडा गेला तरी त्या दोन जागी तुम्हाला कळणार नाही.