अनुभव धागा : मुक्तस्रोत प्रणालीवर चालणारा फोन

अँड्रॉइडचा गाभा मुक्तस्रोतच आहे, म्हणजे त्याचा कोड कोणीही बघू-बदलू शकतं, पण विकत आणलेल्या फोनवर त्यावर बंदिस्त अ‍ॅप्सचे इतके थर असतात की मूळ काही दिसतच नाही. ते थर काढून लिनिएजओएस किंवा ग्राफीनओएस या अँड्रॉइडवरच बेतलेल्या प्रणाली टाकणारे, अँड्रॉइडच नको म्हणून उबुंटू टच या लिनक्स प्रणालीकडे वळलेले, सगळ्यांनी लिहा. इन्स्टॉल कसं करायचं ते शोधलं की सापडतं. रोजच्या वापरात काय चाललं आणि काय अडलं ते हवंय. फोनचं मॉडेलही सांगा, अर्धं उत्तर त्यातच असतं.

* * *

सायनोजेनमॉड या अशाच अँड्रॉइड प्रणालीपासून वापरतेय. २०१६च्या डिसेंबरात ते बंद पडलं आणि त्याच कोडवरून लिनिएज उभं राहिलं. कंपनीने कधीच वाऱ्यावर सोडलेल्या माझ्या फोनला अजून सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात, एवढ्यासाठीच मी टिकून आहे. मात्र या दुरुस्त्या अँड्रॉइडच्या. मोडेम आणि चिपचं फर्मवेअर (त्यांच्या आतलं सॉफ्टवेअर) बंदिस्त असतं, ते बनवणाऱ्याने हात काढला की तिथली भोकं तशीच राहतात. कॅमेऱ्याचंही तेच. सेन्सर जुनाच, पण फोटो सुधारणारं सॉफ्टवेअर कंपनीचं होतं, ते गेलं. रात्रीचे फोटो बघून घरच्यांनी विचारलं, फोन पडला का तुझा?

* * *

बूटलोडर, म्हणजे फोन सुरू होताना प्रणाली चढवणारा प्रोग्राम, दुसरी प्रणाली टाकायला उघडला की फोन पूर्ण पुसला जातो. आधी बॅकअप घ्या, मग बाकीच्या गप्पा.

* * *

माझं घोडं बँकेच्या अ‍ॅपपाशी अडलं. अ‍ॅप गूगलच्या प्ले इंटिग्रिटीला विचारतं, हा फोन प्रमाणित आहे का? बूटलोडर उघडा दिसला की उत्तर नकारार्थी, आणि अ‍ॅप बंद. वर्षानुवर्षं अपडेट न मिळालेला कंपनीचा फोन मात्र या तपासणीतून सुटू शकतो. याला सुरक्षा म्हणायचं तर म्हणा. मी आता बँकेचे व्यवहार ब्राउझरवरून करतो.

* * *

पिक्सेलवर ग्राफीन. गूगलपासून सुटायला गूगलचाच फोन, हा विनोद ऐकून कान किटलेत. कारण साधं आहे : त्यावर दुसरी प्रणाली टाकून बूटलोडर पुन्हा कुलूपबंद करता येतो, बहुतेक फोनांवर ती सोय नाही. गूगलच्या प्ले सेवा (बरीच अ‍ॅप्स ज्यांच्यावर चालतात त्या) हव्या तर साध्या अ‍ॅपसारख्या टाकायच्या, विशेष अधिकारांशिवाय. प्रत्येक अ‍ॅपचं इंटरनेट वेगळं बंद करता येतं. कीबोर्डचं मी पहिल्या दिवशीच केलं. माझ्या बँकेचं अ‍ॅप चालतं, तुमच्या बँकेची खात्री देत नाही.

* * *

प्ले सेवा अजिबात नकोत म्हणणाऱ्यांनी नोटिफिकेशनचा विचार करावा. बहुतेक अ‍ॅप्सचे निरोप गूगलच्या सर्व्हरमार्गे येतात, त्यामुळे अ‍ॅप उघडेपर्यंत पत्ताच लागत नाही. सिग्नल या निरोपांच्या अ‍ॅपने स्वतःची वेगळी सोय ठेवली आहे. बाकीच्यांसाठी मी मायक्रोजी, म्हणजे प्ले सेवांचा मुक्तस्रोत पर्याय, टाकलं. नकाशाला ऑसमँड, बाकी बरंच एफ-ड्रॉइड या मुक्तस्रोत अ‍ॅप्सच्या भांडारावरून.

* * *

पाइनफोन हा लिनक्ससाठी बनवलेला फोन, त्यावर पोस्टमार्केटओएस ही लिनक्स प्रणाली. मागचं झाकण काढलं की मोडेम, वायफाय, माइक, कॅमेरे बंद करायचे खरेखुरे स्विच आहेत. मेमरी कार्डवरूनही बूट होतो, म्हणून हवी ती प्रणाली कार्डावर टाकून बघायची. मजा येते. फोन म्हणून विचाराल तर गाढ झोपेतून उठून रिंग वाजेपर्यंत समोरच्याने ठेवून दिलेला असतो. खिशात दुसरा फोन असतोच.

* * *

उबुंटू टच. उबुंटू बनवणाऱ्या कॅनॉनिकलने २०१७मध्ये सोडल्यावर यूबीपोर्ट्सच्या स्वयंसेवकांनी ते चालू ठेवलं. बोटाने सरकवत काम करणं अजूनही मला अँड्रॉइडपेक्षा आवडतं. पण व्होएलटीई (४जी नेटवर्कवरून कॉल) मोजक्याच मॉडेलांवर चालतं, आणि जुनी नेटवर्क बंद झाली की माझ्या मॉडेलवरून बोलणं संपलं. व्होएलटीई नीट चालणारं कुठलं मॉडेल कोणी रोज वापरतंय का? नुसतं यादीत बघितलेलं नको.