इंधनबचतीचे नियम कडक होत असताना गाड्या मोठ्या का होत आहेत?

घाटवाट (प्रश्न):

नमस्कार. आमची हॅचबॅक आता बारा वर्षांची झाली आहे. ती बदलावी या विचाराने मी गेले दोन महिने नाशिकमधल्या शोरूममधून फिरतो आहे. माझ्या वडिलांनी त्यांची पहिली गाडी घेताना जो प्रश्न विचारला होता तोच मीही सगळीकडे आधी विचारतो: ॲव्हरेज किती देते? आणि सगळीकडे विक्रेता माझ्यासमोर उंच, रुंद आणि आमच्या जुन्या गाडीपेक्षा दोन-अडीचशे किलोंनी जड गाडी आणून उभी करतो. लहान गाडी दाखवा म्हटले तर कोपऱ्यातल्या एकुलत्या एका मॉडेलकडे बोट दाखवतो.

२०२४-२५ या वर्षात देशात सुमारे ४३ लाख प्रवासी गाड्या विकल्या गेल्या. त्यांतल्या दर तीन गाड्यांमागे जवळपास दोन गाड्या युटिलिटी या वर्गातल्या, म्हणजे एसयूव्ही किंवा सात आसनी, होत्या. दुसरीकडे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे ‘कॅफे’, म्हणजे कंपनीच्या गाड्यांच्या सरासरी इंधनवापराचे, निकष एप्रिल २०१७ पासून लागू आहेत आणि एप्रिल २०२२ पासून ते आणखी कडक झाले आहेत. जड गाडीला इंधन जास्त लागते, हे शाळेतले विज्ञान आहे. मग इंधन वाचवण्याचा नियम कडक होत गेला त्याच वर्षांत बाजार उलट दिशेने कसा गेला? नियमातच काही फट आहे, की ॲव्हरेज विचारणारे आपण मनातून वेगळेच काही मागत असतो? वाहनउद्योगात काम केलेल्या सदस्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

मोजपट्टी:

मी चाकण परिसरात सुट्या भागांच्या एका कारखान्यात वीस वर्षे काम केले आहे. नव्या गाडीची मापे ठरताना होणाऱ्या बैठकांचा परिणाम आमच्या साच्यांवर थेट होत असे, त्यामुळे या विषयाबद्दल मला मनापासून आस्था आहे.

पहिली गोष्ट म्हणजे कॅफेचा निकष एकेका गाडीला लागत नाही. एखाद्या कंपनीने वर्षभरात विकलेल्या सर्व गाड्यांची मिळून जी सरासरी येते, तिला तो लागतो. दुसरी आणि अधिक महत्त्वाची गोष्ट अशी की हे लक्ष्य सर्व कंपन्यांना सारखे नाही, ते त्या कंपनीच्या गाड्यांच्या सरासरी वजनावर ठरते. सध्याच्या सूत्रानुसार गाड्यांचे सरासरी वजन ११४५ किलो असेल, तर १०० किलोमीटरला सुमारे ४.७७ लिटर, म्हणजे लिटरला साधारण २१ किलोमीटर, ही मर्यादा आहे. त्यावरच्या दर १०० किलोंमागे ०.२ लिटरची सवलत मिळते आणि वजन कमी असेल तर मर्यादा तितकीच खाली येते. त्यामुळे सरासरी १३४५ किलोंच्या गाड्या विकणाऱ्या कंपनीला लिटरला १९.३ किलोमीटर पुरतात, तर ९४५ किलोंच्या गाड्या विकणाऱ्या कंपनीला जवळपास २३ किलोमीटर गाठावे लागतात.

यामागे एक विचार होता, हे मान्य केले पाहिजे. सर्वांना एकच मर्यादा लावली असती, तर मोठ्या गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांना दुकान बंद करावे लागले असते आणि लहान गाड्या बनवणाऱ्यांना काहीच सुधारणा करावी लागली नसती. प्रत्येक वजनगटात इंजिन आणि गिअरबॉक्स सुधारावेत, हा हेतू होता आणि तो बऱ्याच अंशी सफलही झाला. मात्र गाडी हलकी करण्याची प्रेरणा या सूत्रात दुबळी आहे, कारण वजन उतरवून जे इंधन वाचते, त्यातला मोठा भाग कडक झालेले लक्ष्यच गिळून टाकते. त्यात इलेक्ट्रिक गाडी सरासरीत तीनदा मोजली जाते आणि स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे इंजिनाच्या जोडीला बॅटरी आणि विजेची मोटर असलेली गाडी, दोनदा. थोड्या इलेक्ट्रिक गाड्या विकून पुष्कळ जड गाड्यांचा हिशेब जमवता येतो, तो असा.

परंतु माझ्या मते आपल्याकडच्या गाडीचा आकार कॅफेपेक्षा करांनी अधिक घडवला आहे. २००६ च्या अर्थसंकल्पात लहान गाड्यांवरचे उत्पादनशुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणले गेले. लहान गाडी म्हणजे चार मीटरच्या आतली लांबी आणि पेट्रोलला १२०० सीसी, डिझेलला १५०० सीसी एवढे इंजिन, अशी व्याख्या झाली. त्या दिवसापासून हिंदुस्थानातली गाडी ३९९५ मिलिमीटरवर येऊन थांबू लागली. २००८ ची इंडिगो सीएस ही चार मीटरच्या आत बसवलेली सेडान होती. २०१२ मध्ये डिझायरची डिकी कापल्यासारखी आखूड झाली, तीही याच कारणाने. आपल्या नाशिकच्या कारखान्यातही बनणाऱ्या बोलेरोचे उदाहरण तर बोलके आहे: २०१६ मध्ये तिची लांबी चार मीटरच्या आत आणून तिच्यात १५०० सीसीच्या आतले डिझेल इंजिन बसवले गेले. गाडी तीच, रस्ते तेच, पण कराचा गट बदलला.

२०१३ च्या अर्थसंकल्पात एसयूव्हीवर वाढीव शुल्क आले. त्यात चार मीटरहून अधिक लांबी आणि १५०० सीसीहून मोठे इंजिन यांच्या जोडीला १७० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक ग्राउंड क्लिअरन्स (जमीन आणि गाडीचे पोट यांतले अंतर) अशी अट होती. तेव्हा चाकणला बनणाऱ्या एक्सयूव्ही ५०० चा ग्राउंड क्लिअरन्स त्या आकड्याच्या खाली आणला गेला. रस्त्यावरच्या खड्ड्यांची खोली मात्र कोणत्याही अर्थसंकल्पाने कमी केली नव्हती, म्हणून अशा बदलांबद्दल मला आजही खंत वाटते.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. लांबीला कुंपण होते, इंजिनाला कुंपण होते, पण चार मीटरच्या आतल्या गाडीच्या उंचीला आणि वजनाला कोणतेही कुंपण नव्हते. त्यामुळे गाडी वरच्या दिशेने वाढली. २०१३ ची इकोस्पोर्ट, २०१६ ची विटारा ब्रेझा, २०१७ ची रांजणगावला बनणारी नेक्सॉन, या सगळ्या त्या मोकळ्या जागेत उभ्या राहिलेल्या गाड्या आहेत. १२०० सीसीच्या मर्यादेत राहून जड गाडी ओढता यावी, म्हणून तीन सिलिंडरची टर्बो इंजिने आली. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी लहान गाड्यांवर १८ टक्के आणि मोठ्यांवर ४० टक्के झाला, तरी लहानची व्याख्या लांबी आणि इंजिनाच्या आकारानेच होते. पाचशे किलोमीटरला किती इंधन जळते, हे ती व्याख्या विचारतच नाही.

मिशिगनमुक्काम:

मोजपट्टी यांचा प्रतिसाद वाचून अमेरिकेतला इतिहास लिहावासा वाटला, कारण ‘कॅफे’ हे नाव आणि त्यातली मूळ चूक, दोन्ही इथलीच आहेत.

१९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकी काँग्रेसने १९७५ मध्ये कायदा केला आणि प्रवासी मोटारींसाठी १९८५ पर्यंत गॅलनला २७.५ मैल, म्हणजे लिटरला पावणेबारा किलोमीटरच्या आसपास, हे लक्ष्य ठेवले. हलक्या ट्रकना मात्र वेगळे आणि सैल लक्ष्य मिळाले, जे १९९६ पासून २००४ पर्यंत २०.७ मैलांवर अडकून होते. शेतकरी, सुतार, प्लंबर यांच्या कामाची वाहने म्हणून ही सवलत तेव्हा कोणाला खटकली नाही. भरपूर पेट्रोल पिणाऱ्या मोटारींवर १९७८ च्या कायद्याने खास कर बसवला, त्यातूनही ट्रक वगळले गेले.

मग कुटुंबाची गाडीच ट्रकच्या व्याख्येत बसवली गेली. १९८४ च्या मॉडेलच्या क्रायस्लर मिनिव्हॅन, त्याच वर्षीची नवी जीप चेरोकी आणि १९९० मध्ये आलेली फोर्ड एक्सप्लोरर या नियमाच्या दृष्टीने ट्रक होत्या. लांबट स्टेशन वॅगन कडक गटात अडकली आणि हळूहळू नाहीशी झाली. पुढे सुबारूने आउटबॅक थोडी उंच केली, ती ट्रकच्या व्याख्येत बसावी म्हणून. आज इथे विकल्या जाणाऱ्या चार गाड्यांपैकी तीन किंवा त्याहून अधिक गाड्या विक्रीच्या आकडेवारीत हलक्या ट्रकमध्ये मोजल्या जातात. २०१८ मध्ये फोर्डने उत्तर अमेरिकेत जवळपास सर्व सेडान बंद करण्याची घोषणा केली, तेव्हा कारण ‘ग्राहकांची आवड’ असे सांगितले गेले. ती आवड खोटी नव्हती. पण तीस वर्षे ज्या गटाला सवलत होती, त्याच गटात कंपन्यांनी जास्त नफा, जास्त जाहिराती आणि जास्त पर्याय ठेवले होते, हेही तितकेच खरे आहे.

२००७ च्या कायद्यानंतर लक्ष्य चाकांच्या मधल्या क्षेत्रफळावर ठरू लागले, त्यामुळे मोठ्या गाडीला पुन्हा सवलतच मिळाली. २०२५ मध्ये तर निकष चुकवल्याबद्दलचा दंडच कायद्याने शून्य करण्यात आला. भारतात निदान दंड आहे: २०२२ च्या दुरुस्तीनुसार १०० किलोमीटरमागे ०.२ लिटरपर्यंत चूक झाली तर प्रत्येक गाडीमागे २५ हजार रुपये आणि त्याहून अधिक असेल तर ५० हजार.

तिलारीकाठ:

वरचे दोन्ही प्रतिसाद माहितीपूर्ण आहेत, तरी ग्राहकाची आवड हा केवळ नियमांचा परिणाम आहे, असे मला वाटत नाही. आम्ही सावंतवाडीजवळ राहतो. माझ्या सासूबाईंचे दोन्ही गुडघे दुखतात, खाली वाकून बसावे लागणाऱ्या गाडीत त्यांना चढता-उतरता येत नाही, आणि पावसाळ्यात घराकडे येणाऱ्या शेवटच्या दोन किलोमीटरमध्ये जुनी गाडी दर वर्षी पोटाला घासत असे. आम्ही उंच गाडी घेतली ती मिरवण्यासाठी नव्हे. वॅगन आर इतकी वर्षे टिकली, तीही उंच छत आणि सरळ बैठकीमुळेच, आणि ती जडही नाही, पिऊन टाकणारीही नाही.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की लोकांना उंची हवी आहे, वजन नव्हे. शोरूममध्ये मात्र उंची मागितली की वजन, रुंद टायर आणि सनरूफ हे सगळे एकत्रच पदरात पडते. हलक्या आणि उंच गाड्यांचे पर्याय इतके कमी का आहेत, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

घाटवाट:

सर्वांचे मनापासून आभार. मोजपट्टी, आपल्याला आणखी दोन गोष्टी विचारतो. २०२७ पासूनच्या पुढच्या टप्प्यात लहान गाड्यांना सवलत देण्यावरून वाद झाल्याचे वाचले होते, तो नेमका काय आहे? आणि आमचे महिन्याला सुमारे १००० किलोमीटर होतात, तर ॲव्हरेजच्या आकड्याला मी किती महत्त्व द्यावे?

मोजपट्टी:

तिलारीकाठ यांचा मुद्दा मला पूर्ण पटला. हलक्या उंच गाडीला कराच्या व्याख्येत किंवा कॅफेच्या सूत्रात वेगळे बक्षीस नाही, आणि ती विकून उरणारा नफाही कमी असतो. पर्याय कमी असण्याचे कारण मला तरी यातच दिसते.

वादाबद्दल सांगतो. सप्टेंबर २०२५ च्या मसुद्यात ९०९ किलोंपर्यंत वजन, १२०० सीसीपर्यंत इंजिन आणि चार मीटरपर्यंत लांबी असलेल्या पेट्रोल गाड्यांना किलोमीटरमागे ३ ग्रॅम कार्बन डायऑक्साइडची, म्हणजे हिशेबातले उत्सर्जन तेवढे कमी धरण्याची, सूट सुचवली होती. लहान गाड्यांवर भर असलेल्या कंपनीला ती न्याय्य वाटली, तर एसयूव्ही आणि इलेक्ट्रिक गाड्यांवर भर असलेल्यांनी ती एकाच कंपनीच्या सोयीची असल्याचा आक्षेप घेतला. माझे मत असे की लहान गाडीला आधार हवा हे खरे, पण ९०९ किलो ही पुन्हा एक नवी रेघ झाली. तिच्या आत राहण्यासाठी सुरक्षिततेची साधने किंवा पत्र्याची मजबुती यांवर ताण येऊ नये, ही काळजी मला वाटते. त्यापेक्षा सूत्रातला वजनाचा उतारच, म्हणजे वजनामागे मिळणाऱ्या सवलतीचा दर, सौम्य करावा, म्हणजे प्रत्येक वजनाच्या गाडीला हलके होण्याचा थोडा तरी फायदा मिळेल. याच मसुद्यात हा उतार ०.००२ वरच, म्हणजे १०० किलोंमागे ०.२ लिटरवरच, ठेवला होता, याचे मला वाईट वाटते.

ॲव्हरेजचा हिशेब करताना आपली लिटरला किलोमीटर ही पद्धत थोडी फसवते. २० वरून २४ वर गेलात तर १००० किलोमीटरला सव्वाआठ लिटर वाचतात, १० वरून १२ वर गेलात तर सोळा लिटरहून अधिक. वाढ दोन्हीकडे २० टक्क्यांचीच आहे, पण कमी ॲव्हरेजच्या गाडीत एकेक किलोमीटर जास्त मोलाचा असतो. तुमची जुनी गाडी प्रत्यक्षात १७ देत असेल आणि नवी उंच गाडी १३ देणार असेल, तर महिन्याला १८ लिटर जास्त लागतील. शंभर-एकशेपाच रुपये दराने ते अठराशे ते एकोणीसशे रुपये होतात. हप्त्याच्या शेजारी हा आकडा लिहून पाहा. सीएनजी घेतली तर हिशेब बराच बदलतो, म्हणूनच आज विकल्या जाणाऱ्या पाच गाड्यांमागे साधारण एक सीएनजीवर चालते, पण डिकीतली टाकी तुम्हाला चालेल का ते घरच्यांना विचारा.

माहितीपत्रकातला आकडा पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहनचाचणी संस्थेत रोलरवर, ताशी ९० किलोमीटरच्या आतल्या ठरावीक वेगचक्रावर मोजलेला असतो. दोन गाड्यांची तुलना करायला तो उपयोगी आहे, कसारा घाटात तो मिळेल असे समजू नका. टेस्ट ड्राइव्हपेक्षा, ती गाडी वर्षभर वापरलेल्या कोणाकडून टाकी ते टाकी मोजलेला आकडा मिळवा, आणि आमच्या माहितीसाठी तो इथेही लिहा.